गुरं मोजण्याचा मुहूर्त

आयोवातल्या शेतकऱ्याला "यंदा कसं काय?" असं विचारलं की तो टोपी मागं सरकवतो, लांबच्या ढगाकडं बघतो आणि म्हणतो, "तसं बरं म्हणायचं." मका विक्रमी आला तरी तसं बरं म्हणायचं, आणि वादळात आडवा झाला तरी तसं बरं म्हणायचं. त्याची जमीन किती, कर्ज किती, बँकेत किती, यातलं काहीही तुम्हाला जन्मभर शेजारी राहून कळत नाही. विचारणं शिष्टाचारात बसत नाही आणि सांगणं तर त्याहून नाही.

सरकारनं त्याला किती दिलं, हे मात्र सगळ्या जगाला कळतं. 'एन्व्हायर्नमेंटल वर्किंग ग्रुप' नावाची एक संस्था गेली कित्येक वर्षं शेती-अनुदानाच्या याद्या इंटरनेटवर लावते. राज्य निवडा, काउंटी निवडा, की नावं हजर. सगळ्यात मोठ्या रकमेचा धनी सगळ्यात वर. आपल्याकडे २०१७ च्या कर्जमाफीत चावडीवाचन झालं होतं, तेव्हा निदान लोकांना एकमेकांची तोंडं तरी बघावी लागली. इथं प्रत्येक जण रात्री जेवण झाल्यावर आपापल्या स्वयंपाकघरात बसून एकट्यानं चावडी वाचतो. सकाळी रस्त्यात समोरून पिकअप आली की दोघंही रिवाजाप्रमाणं स्टीअरिंगवरून एक बोट उचलून रामराम करतात. आदल्या रात्री यादी वाचलेली असेल तर ते बोट किंचित उशिरा उचललं जातं, असं माझं निरीक्षण आहे. शास्त्रीय आधार मागू नये.

मी नोकरीनिमित्त या राज्यात राहतो. आयोवात ९९ काउंट्या आहेत, माणसं बत्तीस लाखांच्या आसपास आहेत आणि डुकरं दोन कोटींच्या वर. म्हणजे माणशी सात. आमच्या काउंटीत तर माझ्या वाटणीची डुकरं माझ्या नातेवाइकांपेक्षा जास्त भरतील. गावात एक धान्याचं कोठार, एक पेट्रोलपंप (तिथला पिझ्झा चांगला असतो, हे खोटं वाटेल), चर्च भरपूर आणि कोर्टाची एक देखणी इमारत. इथल्या लोकांचं सरकारविषयी मत ठाम आहे: सरकारनं आपल्या वाटेला जाऊ नये. तशा अर्थाच्या पाट्या कित्येक फाटकांवर दिसतात. सरकारनं वाटेला जाऊ नये, थेट खात्यात यावं, असा त्या पाटीचा पूर्ण मजकूर असावा. पण पाटीवर जागा कमी पडते.

२०२० साली सरकार खात्यात आलं, आणि ते असं आलं की त्या एका वर्षात अमेरिकेतल्या शेतीला सरकारकडून थेट मिळालेले पैसे ४५ अब्ज डॉलरच्या वर गेले. तोवरचा तो उच्चांक होता. देशातल्या सगळ्या शेतकऱ्यांच्या निव्वळ उत्पन्नातला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वाटा त्या वर्षी सरकारी होता. स्वावलंबनाच्या पाट्या होत्या तिथंच होत्या.

आमच्या लोकांना सवय नव्हती असंही नाही. २०१८ मध्ये चीनशी व्यापारयुद्ध पेटलं, चीननं सोयाबीनची खरेदी आखडती घेतली आणि सरकारनं भरपाई सुरू केली. २०१९ च्या फेरीत तर एकरी दर काउंटीनिहाय ठरला होता. कुठं १५ डॉलर, कुठं थेट १५०. रस्त्याच्या अलीकडे एक काउंटी, पलीकडे दुसरी. सोयाबीन तेच, पाऊस तोच, ट्रम्पसाहेब तेच, एकरी दर वेगळा. तेव्हापासून अर्ज भरण्यात इथल्या शेतकऱ्याचा हात असा काही बसला होता की महामारी आली तेव्हा त्याच्याकडे मास्क नव्हता, पण जुन्या अर्जांची फाईल तयार होती.

आता नुकसान झालं नव्हतं असं कोणी म्हणू नये. झालं, आणि विचित्र पद्धतीनं झालं. २०२० च्या मार्चात शाळा, हॉटेलं, कॅन्टीन सगळं एकदम बंद पडलं. दूध कोणी घेईना. देशभर दूध ओतून द्यावं लागलं. एका मोठ्या दूध सहकारी संस्थेचा त्या वेळचा अंदाज होता, दिवसाला ३७ लाख गॅलन, म्हणजे जवळपास १ कोटी ४० लाख लिटर. तासगावजवळच्या आमच्या गावी वडिलांना हे फोनवर सांगितलं. आप्पांनी विचारलं, "आंदोलन हुतं काय?"

"नाही आप्पा, गिऱ्हाईक नव्हतं."

आप्पा थोडा वेळ गप्प. दूध ओतायचं तर आधी टँकर अडवायला हवा, मग पत्रकार हवेत, मग एखादा नेता हवा. शेतकऱ्यानं एकट्यानं, आपल्याच गोठ्यामागं, फोटोसुद्धा न काढता दूध ओतायचं ही कल्पनाच त्यांना झेपली नाही. त्यांची स्वतःची द्राक्षं त्याच दिवसांत वेलीवर पिकून बसली होती, व्यापारी सौदा सोडून पळाला होता, आणि शेवटी सगळा माल बेदाण्याच्या शेडवर घालावा लागला होता. तेव्हा नुकसानीबद्दल आम्हा दोघांना एकमेकांना काही शिकवायचं नव्हतं.

डुकरांची कथा आणखी वेगळी. वॉटर्लू गावात टायसन कंपनीचा कारखाना आहे, तिथं रोज १९ हजारांहून जास्त डुकरं कापली जात. कामगारांत करोना पसरला, हजारावर लोक बाधित निघाले आणि २२ एप्रिलला कारखाना बंद झाला. आता डुकराचं गणित असं की ते २८० पौंडांच्या आसपास आलं की त्याला निघावंच लागतं. मागून नवी पिल्लं येत असतात, गोठ्यात जागा नसते, आणि फार वजनदार झालेलं डुक्कर कारखान्याच्या यंत्रात बसत नाही. मग काय करायचं? तज्ज्ञांनी सल्ला दिला: खुराकातली प्रथिनं कमी करा, गोठा जरा गरम ठेवा, म्हणजे त्यांची भूक मरेल आणि वजन वाढणार नाही. त्या वसंतात आख्खी मनुष्यजात घरात कोंडून केळ्याचे केक करून खात होती आणि आयोवात डाएट डुकरं करत होती. वर्षाअखेर निष्ठेनं वजन आटोक्यात ठेवलेला माझ्या ओळखीतला तेवढाच एक समाज. पण त्यानंही भागलं नाही. कित्येकांना चांगली पोसलेली जनावरं मारून पुरावी लागली. ज्यांनी ते केलं ते त्याविषयी बोलत नाहीत. तिथं "तसं बरं म्हणायचं" हेही येत नाही.

तर १७ एप्रिलला कृषिमंत्री सनी पर्ड्यू यांनी १९ अब्ज डॉलरची योजना जाहीर केली. त्यातले १६ अब्ज थेट शेतकऱ्यांना, आणि ३ अब्जांचं दूध, मांस, भाजीपाला विकत घेऊन खोक्यांतून गरजूंना वाटायचं. खोक्यांबद्दल एवढंच सांगतो की टेक्सासमधल्या लग्न-समारंभ पार पाडणाऱ्या एका कंपनीला त्यातलं सुमारे ३ कोटी ९० लाख डॉलरचं कंत्राट मिळालं. लग्नं बंदच होती, आचारी रिकामा होता, इतकं तर कोणीही समजून घेईल. पुढं निवडणूक जवळ आली तसं खोक्यात बटाट्याशेजारी राष्ट्राध्यक्षांच्या सहीचं पत्रही येऊ लागलं. शिध्याच्या पिशवीवरचे फोटो ज्यांनी पाहिलेत त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

थेट पैशांच्या योजनेचं नाव होतं 'कोरोनाव्हायरस फूड असिस्टन्स प्रोग्राम'. आमच्याकडे सगळे 'सीफॅप' म्हणतात. अर्ज २६ मेपासून. काउंटीच्या गावाला कृषिखात्याची कचेरी असते, आणि तिच्यावर शेतकऱ्यांनीच मतदानानं निवडून दिलेली शेतकऱ्यांची समिती. म्हणजे तुमच्या अर्जावर शंका घ्यायची वेळ आली तर ती घेणार कोण, तर ज्याच्या कुंपणावरून तुमचं गेल्या साली वाजलं तो. पण त्या उन्हाळ्यात कचेरीचं दार बंद, कामं फोनवर. फोन सकाळभर व्यग्र. अर्ज ईमेलनं, सही कॉम्प्युटरवर. आणि शेतातलं इंटरनेट असं, की एक पान चढवायचं तर गाडी काढून गावच्या ग्रंथालयाबाहेर उभी करावी लागे, तिथलं वायफाय भिंतीतून बाहेर येतं म्हणून. त्या दिवसांत आमच्या ग्रंथालयाच्या आवारात इतक्या पिकअप उभ्या असत की परक्या माणसाला वाटावं, काउंटीत अचानक वाचनसंस्कृती फोफावली.

मुख्य अर्जाचा क्रमांक 'एडी ३११४'. त्यासोबत उत्पन्नाचं प्रमाणपत्र, दलदल न बुजवल्याचं आणि धूप होणारी जमीन जपल्याचं प्रमाणपत्र, खात्यात कोण कोण भागीदार आहे त्याचा तक्ता, बँकेचा फॉर्म. सातबारा आणि आठ-अ यांच्यावर वैतागणाऱ्या माणसानं एकदा इथं येऊन जावं. तलाठ्याला घट्ट मिठी मारील. हिशेबासाठी सरकारनं एक्सेलची फाईल दिली होती. त्यात आकडे टाकले की तळाला रक्कम उमटे. माझ्या शेजाऱ्यानं (वय सत्तरीच्या पुढं, ट्रॅक्टर डोळे मिटून दुरुस्त करतो) मला त्या फाईलसाठी बोलावलं. मी भारतीय, म्हणजे कॉम्प्युटरचा, अशी त्याची भाबडी समजूत आहे. दोघंही तोंडाला फडकी बांधून ओसरीत बसलो, मध्ये सहा फुटांचं टेबल.

पहिल्या फेरीत मक्याचे पैसे मिळायचे ते विकून झालेल्या मक्याचे नव्हे. १५ जानेवारीला भाव न ठरवता जो मका कोठारात पडून होता त्याचे, आणि तेही फार तर २०१९ च्या पिकाच्या निम्म्याचे. बुशेलला साधारण एक तृतीयांश डॉलर. ज्यानं डोकं चालवून वेळेवर मका विकला त्याला त्या मक्यापोटी शून्य. ज्यानं "बघू, जाऊ दे, पुढच्या महिन्यात" म्हणत तसाच ठेवला त्याला चेक. माझा शेजारी शिस्तीचा माणूस, मका दिवाळीच्या सुमारासच देऊन मोकळा झालेला. त्याच्या पलीकडचा आळशी म्हणून प्रसिद्ध. त्या उन्हाळ्यात आमच्या रस्त्यावर आळसाला बाजारभाव मिळाला, आणि शिस्तीनं आयुष्य काढलेला एक माणूस एक्सेलकडं टक लावून बसला.

दुसरी फेरी सप्टेंबरात. ट्रम्पसाहेबांनी ती विस्कॉन्सिनमधल्या मोसिनी गावच्या प्रचारसभेत जाहीर केली. मतदानाला सात आठवडे होते. आचारसंहिता नावाची वस्तू इथं नसल्यानं सगळं कसं मोकळेपणानं चालतं. या वेळी यादी लांबलचक: गुरं, डुकरं, मेंढ्या, कोंबड्या, अंडी, शिवाय अल्पाका, बायसन, रेनडिअर, मिंक आणि इमू. आपल्याकडे इमूपालनात ज्यांचे हात पोळले त्यांनी हे वाचून डोळे पुसावेत. इमूला कुठंतरी न्याय मिळाला. घोड्याला मात्र काही नाही. पाळीव प्राण्यांना नाही, शिकारीसाठी पाळलेल्यांना नाही. जनावर खाण्याच्या, पांघरण्याच्या किंवा पिसांच्या उपयोगाचं हवं, नुसतं देखणं असून चालत नाही. पिकांचंही तसंच मजेशीर. ज्यांचे भाव पडले त्यांना सूत्रानुसार पैसे, पण एकरी निदान १५ डॉलर. आणि ज्यांचे भाव फारसे पडलेच नाहीत, त्यांना? त्यांनाही १५ डॉलर. भाव न पडल्याबद्दल सांत्वन म्हणून असावेत.

पण सगळ्या नियमांत मला भावला तो गुरांचा. विक्रीच्या गुरांना डोईमागं ५५ डॉलर. (वेतासाठी ठेवलेल्या गाई धरायच्या नाहीत.) गुरं किती, तर १६ एप्रिल ते ३१ ऑगस्ट या काळात तुमच्याकडे जास्तीत जास्त जितकी होती तितकी, आणि तो दिवस कोणता ते तुम्ही ठरवायचं. म्हणजे मुहूर्त काढायचा! फरक इतकाच की आपल्याकडे मुहूर्त पुढचा काढतात, अमेरिकी सरकारनं मागचा काढायची सोय दिली. गेलेल्या साडेचार महिन्यांतली तिथी शोधा, ज्या दिवशी तुमचा गोठा भरून वाहत होता. त्यानंतर विकली गेली, मेली, पळाली, हरकत नाही. त्या एका मंगल दिवशी ती हजर होती ना? मग ५५ डॉलर.

शेजाऱ्याच्या भिंतीवर बियाणं कंपनीचं कॅलेंडर होतं. ते खाली काढून टेबलावर पसरलं. एप्रिलाच्या शेवटी वासरं आली, दोन आजारी निघाली, जूनमध्ये वीसेक विकली. मग मे. मेमधला कोणता? त्यानं बायकोला हाक मारली. ती आतूनच म्हणाली, "नातवाचा वाढदिवस घ्या. त्या दिवशी सगळी कुंपणाशी येऊन उभी होती, केकचा वास आला म्हणून." मुहूर्त निघाला. साठ वासरं, ३,३०० डॉलर. म्हातारा ओळीत आकडा लिहिताना एवढंच म्हणाला, "मला हे पटत नाही." मग त्यानं आकडा पुन्हा एकदा तपासून घेतला, कमी तर लिहिला नाही ना म्हणून.

रात्री आप्पांचा फोन. "वासराला पंचावन डॉलर म्हंजी किती रं?"

"चार हजार रुपये."

"एका वासराला?"

"एका वासराला."

पीएम किसानचे वर्षाला सहा हजार, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत. टाळेबंदीत सरकारनं एप्रिलमध्येच दोन हजार लवकर टाकले होते आणि आप्पा त्यावर खूश होते. आता त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला असणार. दोन हप्त्यांचं मिळून एक वासरू होत होतं. थोड्या वेळानं ते म्हणाले, "मग त्या वासराचं आधार लिंक लागत आसंल."

खरं तर वासराची चौकशी फार होत नाही. आपल्याकडे केवायसी अडलं, बोटांचे ठसे उमटले नाहीत, म्हणून हप्ता अडकलेली माणसं मी पाहिली आहेत. (आणि पडताळणी इतकी कडक असूनही पीएम किसानचे पैसे लाखो अपात्र लोकांना, त्यांत प्राप्तिकर भरणाऱ्यांनाही गेले, हेही सरकारनंच कबूल केलंय. गाळणी बारीक असली की गाळ वर राहतो असं नाही.) इथं सीफॅपमध्ये तुम्ही सांगाल ते खरं. सही करा, खोटं निघालं तर परत करा, बस. गाय बोलत नाही, शेजारी बोलत नाही.

मर्यादा होती, नाही असं नाही. एका माणसाला एका फेरीत अडीच लाख डॉलर, रुपयांत सांगायचं तर पावणेदोन कोटींच्या वर. कंपनी किंवा भागीदारी असेल आणि तीन भागीदार शेतात राबत असतील तर साडेसात लाख. राबणं म्हणजे काय? वर्षाला ४०० तास काम, किंवा व्यवस्थापन. आठवड्याला आठ तास भरत नाहीत. व्यवस्थापनात बियाण्याच्या दुकानात फोन करणं येतं, भावाकडे बघून काळजी करणंही बहुधा येत असावं. कमाल जमीन धारणेच्या कायद्यावेळी आपल्याकडे घरातल्या तान्ह्या पोरापासून आजीपर्यंत सगळ्यांची नावं सातबाऱ्यावर चढली होती, म्हणून मला इथं फार परकं वाटलं नाही. एका घरातली तीन माणसं थँक्सगिव्हिंगला एकमेकांशी बोलत नाहीत, पण अर्जावर मात्र एकत्र राबतात.

आणि म्हणूनच यादी वर जाड आणि खाली बारीक दिसते. नुकसान मोजायला वेळ नव्हता, म्हणून सरकारनं मालमत्ता मोजली. ज्याच्याकडे डोकी जास्त, एकर जास्त, त्याला पैसे जास्त. ज्याचं सगळं बुडालं होतं त्याच्याकडे मोजायलाच काही उरलं नव्हतं. कंत्राटावर डुकरं पाळणाऱ्यांची तर आणखी पंचाईत: गोठा यांचा, शेण यांचं, रात्रीची जाग यांची, पण डुकरं कंपनीची. आधीच्या फेऱ्यांत त्यांना सांगण्यात आलं की तुमच्याकडे डुकरंच नाहीत. हे ऐकायला ते तीन हजार डुकरांच्या आवाजातून बाहेर येऊन फोन घेत होते.

ओहायोच्या होम्स काउंटीत आणि इतरत्र आमिश लोक आहेत, घोडागाडीनं फिरणारे. त्यांच्यातले बरेच जण धर्माच्या कारणानं सरकारी मदत घेत नाहीत. सरकारनं वाटेला जाऊ नये ही पाटी खरं तर त्यांनी लावायला हवी; पण ते पाट्या लावत नाहीत.

खोटी शेतं हा वेगळा अध्याय. लहान धंद्यांना पगारासाठी कर्ज, आणि नंतर माफ, अशी दुसरी एक योजना होती, पीपीपी नावाची. एकट्या माणसाच्या धंद्याला तिच्यात जास्तीत जास्त २०,८३३ डॉलर मिळत. 'प्रोपब्लिका' या शोधपत्रकारितेच्या संस्थेनं २०२१ च्या मे महिन्यात छापलं की शेकडो कर्जं अस्तित्वातच नसलेल्या धंद्यांना गेली, आणि त्यांतली पुष्कळशी 'शेतं' होती. मिनेसोटात संत्र्याच्या बागा. मिनेसोटात जानेवारीत तळ्यांवर ट्रक चालवतात, इतका बर्फ असतो. फ्लोरिडातल्या पाम बीचला, जिथं फक्त कोट्यधीश पिकतात, तिथं बटाटे. न्यू जर्सीच्या किनाऱ्यालगत समुद्रातल्या वाळूच्या पट्टीवर गुरांचा मळा. अर्ज ऑनलाइन, मंजुरी झटपट, आणि मंजूर करणाऱ्या कॉम्प्युटरनं कधी संत्रं सोललेलं नाही. खरा शेतकरी ग्रंथालयाबाहेर गाडीत बसून दलदलीचं प्रमाणपत्र चढवत होता तेव्हा वाळूतल्या गाईंचे पैसे जमा झालेसुद्धा होते. मला त्या भामट्यांची कल्पकता फारशी भावत नाही. चोरी ती चोरी. फक्त मिनेसोटातली संत्री एकदा पाहायला मिळावीत असं वाटतं.

गंमत म्हणजे पैसे पोचेपर्यंत संकटानं पाठ फिरवली होती. वसंतात सव्वातीन डॉलरच्या खाली गेलेला मका वर्षाअखेर साडेचारच्या वर गेला आणि पुढच्या मेमध्ये सातच्या वर. चीन पुन्हा खरेदीला उतरला. त्या वर्षी देशात ट्रॅक्टरची विक्री वाढली. डिसेंबरात इथले शेतकरी यंत्रं घेतातच, करातून वजावट मिळते म्हणून. मदतीच्या रकमेवर कर असतो, तो वाचवायला यंत्र, आणि यंत्राचा हप्ता भागवायला पुढची मदत. २०२१ मध्ये तर नवं सरकार आलं आणि त्यानं दुसऱ्या फेरीतल्या अनेक पिकांना एकरी आणखी २० डॉलर पाठवले, अर्ज न मागता. कळवलं इतकंच, की तुम्हाला काहीही करायची गरज नाही. माझा शेजारी ते वाचून अस्वस्थ झाला. सत्तर वर्षांत कोणी त्याला काही करू नको असं सांगितलं नव्हतं. त्यानं दोनदा कचेरीत फोन करून खात्री केली की खरोखरच काही करायचं नाही ना.

वॉटर्लूच्या कारखान्यातले कामगार? राष्ट्राध्यक्षांनी २८ एप्रिलला आदेश काढून मांसाचे कारखाने चालू ठेवायला सांगितलं होतं, तेव्हा ते कामावर परत गेले. बॉस्निया, म्यानमार, काँगो, मेक्सिको अशा कुठून कुठून आलेली माणसं. शेतात आणि मांस कारखान्यांत राबलेल्यांसाठी कृषिखात्यानं नंतर एक मदत काढली: माणशी ६०० डॉलर, एकदाच, तीही वाटप करणाऱ्या संस्थांमार्फत, महामारीला दोन वर्षं उलटून गेल्यावर. म्हणजे अकरा वासरांच्या बरोबरीलाही माणूस पोचला नाही. त्यांची यादी काउंटीनिहाय लागत नाही. त्यामुळे त्यांच्या बाबतीत कोणाचं बोट उशिरा उचललं गेलं नाही.

सीफॅपच्या दोन्ही फेऱ्या मिळून सुमारे ३१ अब्ज डॉलर वाटून झाल्यावर सरकारच्या हिशेब तपासणाऱ्यांनी २०२२ मध्ये म्हटलं, की अहो, पडताळणी जरा नीट करा. त्याआधीच काही शेतकऱ्यांना नमुन्यादाखल पत्रं येत होती. आमच्या शेजाऱ्यालाही आलं. मुहूर्ताच्या दिवशी तुमच्याकडे साठ वासरं होती याचा पुरावा द्या. आता ती वासरं केव्हाच कोणाकोणाच्या बर्गरमध्ये गेली होती. त्यानं जनावरांच्या डॉक्टरचं बिल नेलं, खाद्याची बिलं नेली, विक्रीच्या पावत्या नेल्या. सगळी बिलं थोडी आधीची किंवा थोडी नंतरची. नेमक्या त्या तारखेचा कागद एकही नाही. मग बायकोनं फोनमधून एक फोटो काढून दिला. नातू केक कापतोय, मागं कुंपणाला टेकून वासरं.

कचेरीतल्या बाईनं फोटो मोठा केला आणि पेन्सिलीच्या टोकानं डोकी मोजली. अठ्ठावन्न भरली.

"दोन कमी आहेत," ती म्हणाली.

म्हातारा वाकून फोटोकडं बघत म्हणाला, "ती दोन नातवाच्या मागं आहेत. पोरगं जरा खात्यापित्या घरचं आहे."